टाकीला टेकलेली पाठ

टाकीत पाणी भरून दाब चढायला लागला, की शंकरराव स्टूल मागवत.

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या त्यांच्या कारखान्यात हा रिवाज जुना होता. दाबाचा काटा वर सरकू लागला की बाकीची माणसं शहाण्यासारखी लांब जाऊन उभी राहत, आणि मालक टाकीला पाठ टेकून, मांडीवर कागदाची पुडी उघडून कचोरी खात बसत. गिऱ्हाइकाकडून आलेला माणूस तोंडात बोट घाले. 'मालकच बसलाय म्हणजे माल पक्का,' असं म्हणून सही करून मोकळा होई. आजवर एकही टाकी त्यांच्या पाठीमागे फुटली नव्हती. त्यामुळे हळूहळू शंकररावांची अशी समजूत झाली होती की टाक्या त्यांच्या पाठीमुळेच फुटत नाहीत.

ज्याची पाठ एवढी थोर, त्याला दुसऱ्यांची डोकी क्षुद्र वाटली तर नवल काय? वेल्डिंग करणारे आळशी, बँकेतले भित्रे, कॉलेजातून शिकून आलेले पोरगे म्हणजे नुसती पोपटपंची. पुण्या-मुंबईहून नोकरीला इंदूरला आलेल्या मराठी लोकांबद्दल तर ते बोलतच नसत. नाकातून नुसती हवा सोडत. त्या हवेला कारखान्यातली माणसं दाबाच्या काट्यापेक्षा जास्त भीत.

या जगात त्यांनी तुच्छ न मानलेलं माणूस एकच, त्यांची मुलगी सुरभी. ती इथेच इंजिनीयर झाली, बंगळूरला पळाली नाही, आणि जाड बूट घालून बापाच्या कारखान्यात उभी राहिली. यंदा लडाखमधल्या एका बोगद्याच्या कामावर दाबलेली हवा साठवायची मोठी टाकी त्यांच्याकडे बनत होती. पहिल्यांदा हवा भरताना बनवणाऱ्याचं माणूस तिथे हजर पाहिजे, अशी गिऱ्हाइकाची अट होती. हवा भरायची होती जानेवारीत. शंकररावांना डॉक्टरने उंचावर जायची बंदी केलेली. सुरभी म्हणाली, "मी जाते." शंकररावांनी स्वतः बाजारात जाऊन तिच्यासाठी असा जाड कोट आणला की तो घातल्यावर तिला हात खाली सोडता येईनात.

दसरा होऊन गेला होता. यंत्रांवरचं कुंकू अजून पुसलं नव्हतं, तेव्हा टाकी तपासायला नवी बाई आली. आधीचे तपासनीस शंकररावांचे कचोरीमित्र होते, त्यांची बदली झाली होती. ही शमिका, पुण्याची, इंदुरात येऊन दोनेक वर्षं झालेली. अंगाने एवढीशी. हेल्मेट स्वतःचं आणि पाण्याची बाटलीही स्वतःची.

"आडनावावरून नातं काढतो थांबा," शंकरराव म्हणाले. "आमच्या वहिनींचं माहेर तिकडचंच."

"नातं निघणार नाही, सर."

"इंदुरात मराठी माणसाचं नातं निघत नाही असं होतच नाही."

"मी पुण्याची आहे."

"ते दिसतंच आहे," शंकरराव म्हणाले आणि स्टूल मागवलं.

दाब चढला. काटा जिथे थांबायचा तिथे थांबला. शंकररावांनी पाठ टेकून दोन कचोऱ्या संपवल्या, बोटं पुसली, आणि उठून शमिकापुढे पेन धरलं. तिने ते घेतलं नाही. ती टाकीच्या तोंडाशी उकिडवी बसली होती. टाकीला जिथे पाइप जोडायचा असतो तिथे भोकं पाडलेलं एक जाड लोखंडी कडं असतं. त्यातून बोल्ट घालून आवळतात. त्याला फ्लँज म्हणतात. त्या फ्लँजेवर ठोकलेली अक्षरं ती वाचत होती.

"या फ्लँजा नॉर्मलाइज केलेल्या नाहीत," ती म्हणाली. "घडवल्यावर पुन्हा भट्टीत तापवून, हवेत सावकाश निवू दिलेल्या नाहीत."

"नाहीत. कशाला पाहिजे?"

"टाकी उणे एकोणतीस अंशांपर्यंत वापरायची आहे. मग आघात चाचणी लागेल. हातोड्याचा घाव घालून लोखंड त्या थंडीत तुटतं का, ते बघावं लागेल."

शंकररावांनी नाकातून हवा सोडली. कारखान्यातले वेल्डर आपोआप दोन पावलं मागे सरले.

"बाई, फ्लँजला माफी असते. साधं लोखंड असलं तरी उणे एकोणतीसपर्यंत चाचणी माफ. आमच्या टाकीच्या नकाशावर खाली लिहिलेलंच आहे. तुम्ही शाळेत जात होतात तेव्हापासून लिहिलेलं आहे."

"म्हणूनच चुकलं. जुन्या नकाशावरून नव्या नकाशावर उतरत आलं. नियमात ती माफी आता अटीवर आहे. बारीक कणांचं पोलाद पाहिजे आणि नॉर्मलाइज केलेलं पाहिजे, तर उणे एकोणतीस. नाहीतर उणे अठरापर्यंतच."

"अटीवरची माफी?" शंकररावांनी आजूबाजूला बघितलं, सगळ्यांनी ऐकलं ना म्हणून. "ती कसली माफी? तो तर जामीन झाला!"

"जामीनच समजा. आणि तुमच्या फ्लँजांना जामीनदार नाही."

अनीश, कारखान्याचा सुपरवायझर, खोकल्यासारखं करून हसू लपवायला वळला. शंकररावांनी ते पाहिलं. पगाराच्या दिवशी आठवण ठेवायची, असं ठरवलं.

"पण नियम बदलला कशामुळे?" सुरभीने विचारलं.

"तडकल्या म्हणून. कागद नीट, आकार नीट, आणि थंडीत तडकल्या. चिक्की गरम ताटात वाकते, निवली की टचकन मोडते. काही लोखंडाचं तसंच असतं."

"हां, आता स्वयंपाकघरातून लोखंड शिका!" शंकरराव म्हणाले. "अहो, आत्ता तुमच्या डोळ्यांसमोर कामाच्या दाबापेक्षा जास्त दाब सोसला तिने. माझी पाठ होती तिथे, पाठ!"

"इथे आज घाम येतोय, सर. इंदूरच्या उन्हात तुमची पाठ टेकून लडाखचं काय कळणार? जानेवारीत तिथे जाऊन टेकून बसणार असाल तर सांगा."

"तिथे मी बसणार आहे," सुरभी म्हणाली.

शंकररावांनी हातातलं पेन खिशात टाकलं.

"तुला कोणी बसायला सांगितलंय?" शंकरराव खेकसले. "तू उभी राहशील."

"बाबा, फुटली तर उभी काय आणि बसलेली काय?"

शंकररावांना राग आला तो मुलीचा नाही. पुण्याच्या एका दीडशहाणीने त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच मुलीच्या मनात शंका पेरली, त्याचा आला. असल्या माणसांना वाद घालून गप्प करता येत नाही. त्यांना तोंडावर पाडावं लागतं.

"करा चाचणी," ते म्हणाले. "त्याच घाण्यातली एक फ्लँज कोठारात उरली आहे. कापा, तोडा, काय करायचं ते करा. मग मात्र पुण्याला परत जायचं तिकीट मी काढून देणार. अनीश, ऐकलंस ना भिया? एसीचं काढायचं. बाईंना गरमी सोसत नाही."

चाचणी शहरातल्या बाळकृष्णच्या प्रयोगशाळेत होती. प्रयोगशाळा म्हणजे एका गल्लीतलं मोठं गॅरेज. मधोमध एक यंत्र, त्याला वजनदार हातोडा झोक्यासारखा टांगलेला. फ्लँज कापून बोटाएवढ्या कांड्या केलेल्या, प्रत्येकीला मधे एक खाच. कांडी थंड करायची, यंत्रात आडवी ठेवायची, आणि हातोडा सोडायचा. तोडायला जेवढा जोर खर्च झाला तेवढा काटा सरकतो. लोखंड चिवट असेल तर खूप सरकतो; ठिसूळ असेल तर हातोडा कांडी जणू नाहीच असा पुढे निघून जातो.

स्टीलच्या डब्यात स्पिरिट आणि सुका बर्फ धुमसत होता. त्यात कांड्या पडून राहिल्या होत्या. बाळकृष्ण शंकररावांचं जुनं माणूस. गिऱ्हाइकाला देव मानणारा, आणि खऱ्या देवालाही. शंकरराव सकाळीच खजरान्याच्या गणपतीला जाऊन आले होते. खिशात कुंकवाची पुडी, हातात पेढ्यांचा डबा.

"दादा, बोहनी तुमच्याच हाताने," बाळकृष्ण म्हणाला.

हाही एक रिवाजच. शंकररावांच्या प्रत्येक मालाची पहिली कांडी देवाची. बाळकृष्णने चिमट्याने कांडी बाहेर काढली. शंकररावांनी ती रुमालावर घेतली, तळहातावर ठेवली, तिला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, डोळे मिटून स्तोत्र म्हटलं. स्तोत्र ते कधी अर्धं सोडत नसत. मग कांडी कपाळाला लावून त्यांनी ती बाळकृष्णच्या हातात दिली.

हातोडा सुटला. धप्प आवाज झाला. कांडी अर्धी फाटून वाकली, पण तुटली नाही. काटा हवा होता त्याच्या कितीतरी पुढे जाऊन थांबला.

"बोलो!" शंकरराव म्हणाले. त्यांनी शमिकाकडे पाहिलंसुद्धा नाही. पडलेल्या शत्रूकडे बघणं त्यांना कमीपणाचं वाटे. पेढ्यांचा डबा मात्र तिच्यापुढे धरला. "घ्या. पुण्यात असे मिळत नाहीत. अनीश, तिकिटाचं काय झालं रे?"

शमिकाने पेढा घेतला. सगळा खाल्ला. हात पुसले.

"छान आहे पेढा. आता दुसरी कांडी. आणि मधे देव नको."

"काय म्हणालात?"

"देव आधी घ्या, नाहीतर नंतर घ्या. मधे नको. डब्यातून काढल्यावर पाच सेकंदांच्या आत घाव बसायला हवा. तुम्ही तिला रुमालात गुंडाळून अख्खं स्तोत्र ऐकवलंत. तोवर ती लडाखची कुठे राहिली? इंदूरची झाली."

अनीशला या वेळी खोकलाही सुचला नाही.

बाळकृष्ण कानशिलं खाजवायला लागला. "मॅडम, ते दादांचं नेहमीचं आहे..."

"नेहमीचं?" शमिका त्याच्याकडे वळली. आतापर्यंत ती शंकररावांशी वाद घालत होती. बाळकृष्णकडे तिने पाहिलं ते बुटाखाली काय आलं ते पाहावं तसं. "म्हणजे यांच्या प्रत्येक मालाच्या वेळी? आणि त्या पहिल्या कांडीचा आकडाही तुम्ही धरता? तुमच्या भिंतीवर प्रमाणपत्र टांगलंय, त्यावर काय लिहिलंय ते कधी वाचलंत का?"

बाळकृष्णने भिंतीकडे पाहिलं. प्रमाणपत्राला हार घातलेला होता.

"चिमटाही डब्यात ठेवा," ती म्हणाली. "गरम चिमट्याने धरली तरी खाच गरम होते. हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," बाळकृष्ण पुटपुटला, आणि त्याने चिमटा स्पिरिटात बुडवला.

"तोड," शंकरराव म्हणाले. "बिनदेवाची तोड. एकदा यांची हौस फिटू दे."

बाळकृष्णने कांडी काढली, ठेवली, हातोडा सोडला.

या वेळी धप्प झालं नाही. टच् झालं, बशी फुटावी तसं. दोन तुकडे दोन बाजूंना उडाले. एक जाळीवर आपटला, दुसरा जमिनीवरून घरंगळत शंकररावांच्या चपलेपाशी येऊन थांबला. काटा जागचा हलल्यासारखा करून राहिला होता. पुढची कांडी तशीच गेली. तिच्यापुढचीही.

सुरभीने वाकून चपलेजवळचा तुकडा उचलला. तुटलेली बाजू सपाट होती, आणि खडीसाखरेसारखी चमचमत होती. कुंकू लावलेली कांडी टेबलावर पडली होती; तिची फाटलेली बाजू मळकट, ओबडधोबड, ओढून फाडलेल्या कातड्यासारखी. सुरभीने दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. एकच फ्लँज, एकच लोखंड.

"यंत्र बिघडलंय तुझं," शंकरराव बाळकृष्णला म्हणाले.

"नाही दादा."

"मग कांड्या वाकड्या कापल्यात. हल्ली कापणारे तरी कुठे धड..."

"बाबा," सुरभी म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता. "मी या टाकीबरोबर जाऊ का? तुम्ही जा म्हणालात तर जाते. आत्ता सांगा."

शंकररावांच्या जिभेवर उत्तरं नेहमी तयार असत. कोणाला काय म्हणून खाली पाडायचं याचं त्यांच्याकडे आयुष्यभराचं भांडार होतं. त्यांनी त्या भांडारात हात घातला. वेल्डरसाठी होतं, बँकवाल्यासाठी होतं, पुण्यासाठी तर पोतं भरून होतं. लोखंडाच्या त्या चमचमणाऱ्या तुकड्यासाठी काहीच नव्हतं. त्याला लाज नव्हती, त्याला नातं निघत नव्हतं, आणि शंकररावांची पाठ किती जुनी आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

त्यांना तो कोट आठवला. हात खाली सोडता येत नाहीत असा. तो घालून पळतासुद्धा येणार नव्हतं.

ते अनीशकडे वळले.

"टाकीच्या सगळ्या फ्लँजा कापून काढ."

"सगळ्या, साहेब? वेल्डिंग झालंय, एक्स-रे झालाय..."

"तुला ऐकायला कमी येतं का, का समजायला? सगळ्या. त्या भिकार आहेत म्हणून. आता विचार, कोणी आणल्या म्हणून. विचार ना! मी आणल्या. झालं समाधान? चल, उभा काय राहिलास?"

अनीश निघाला. शंकररावांनी पेढ्यांचा डबा बंद केला. दारापाशी थांबून ते बाळकृष्णला म्हणाले, "तुला अक्कल नव्हती का रे? मी म्हातारा आहे, मी हजार गोष्टी करीन. तू कशाला मान डोलवायचीस?"

"दादा, तुम्हाला थांबवणार कोण?"

त्यावर शंकररावांनी नाकातून हवा सोडली. पण या वेळी ती कोणाकडे रोखून सोडलेली नव्हती.

नव्या फ्लँजा आल्या त्या नॉर्मलाइज केलेल्या. त्यांच्यातलीही एक शंकररावांनी स्वतःहून तोडून पाहायला लावली. शमिका म्हणाली की आता नियमाने गरज नाही. ते म्हणाले, "नियमाला काय कळतंय!" कुंकू त्यांनी आदल्या दिवशी घरीच लावून ठेवलं होतं. कांड्या वाकल्या, तुटल्या नाहीत.

टाकीत पुन्हा पाणी भरलं. दाब चढायला लागला तसा अनीशने सवयीने स्टूल आणून ठेवलं.

"हे काय?"

"स्टूल, साहेब."

"ते दिसतंय मला. माझ्या बुडाने का टाकी तपासायची? उचल."

बाकीच्यांबरोबर ते जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे उभे राहिले. हातात कचोरीची पुडी होती. उभ्याने कचोरीला चव लागेना. पाठीला वारा लागत होता आणि ती कुठे ठेवावी हे त्यांना समजत नव्हतं. त्यांनी ती एकदा भिंतीला टेकून पाहिली. भिंत दाब धरत नाही. तिला टेकण्यात काही राम नव्हता.

काटा स्थिर राहिला. शमिकाने सही केली. शंकररावांनी कागद लांब धरून वाचला.

"पुण्याच्या मानाने अक्षर बरं आहे," ते म्हणाले. "नातं नाहीच निघत म्हणता?"

"नाही निघत, काका."

"बरंच आहे. एवढी हट्टी माणसं आमच्यात परवडायची नाहीत."

जानेवारीत, इंदुरात लोक सकाळी उन्हात कान बांधून बसतात तेव्हा, सुरभीचा व्हिडिओ कॉल आला. शंकरराव जुन्या इंदुरातल्या घराच्या गच्चीवर होते. फोन त्यांनी आरशासारखा तोंडापुढे धरला. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. मागे सगळं पांढरं.

"किती आहे?"

"उणे सव्वीस. हवा भरून झाली, बाबा. पूर्ण दाब. काटा हलत नाही, बोल्ट तपासले. सगळं ठीक."

"कोट घातलास?"

"घातलाय. हात बघा ना, पेंग्विनसारखे झालेत."

"उभी कुठे आहेस?"

तिने फोन फिरवला. टाकी बरीच लांब, बर्फात खेळण्याएवढी दिसत होती. शंकररावांनी श्वास सोडला. मग त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"तो कोण आहे?"

"कुठे?"

"टाकीशी. तो गाढव टाकीला पाठ टेकून बसलाय, चहा पितोय! कोण आहे तो?"

"साइटचे मोठे साहेब आहेत. मी दोनदा सांगितलं. ते म्हणतात, 'अरे कुछ नहीं होता, मी बसलोय ना.' सगळे त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवतायत."

शंकरराव ताडकन उभे राहिले. शेजारच्या गच्चीतल्या बाईने मान वर करून पाहिलं.

"उठव त्याला! आत्ताच्या आत्ता उठव! त्याला सांग, माठ्या, तुझ्या पाठीला काय सोनं लागलंय? लोखंड काय तुझी पाठ ओळखतं? सांग म्हणावं, असं नुकत्याच भरलेल्या टाकीला टेकून बसणारा माणूस शूर नसतो, मूर्ख असतो. अगदी हाच शब्द वापर. मूर्ख!"

"बाबा, ते साहेब आहेत इथले. कोणी सांगितलं म्हणून सांगू?"

शंकररावांनी कठड्यावरून खाली पाहिलं. रस्त्यावर गराडूचा कंद तळणाऱ्याच्या कढईत तेल चुरचुरत होतं.

"पुण्याच्या बाईंनी सांगितलं म्हण," ते म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.